रस्ता मोठ्याने वाच

सोमवार, ३ जून

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि मख्खासारखा गप्प बसतोस. म्हणून हे पत्र. फाडायचं झालं तरी हात हलवावे लागतील तुला. रुसवेफुगवे जरा बाजूला ठेव आणि कामाचं ऐक.

आमच्या कॉलेजने बिझनेसच्या डिग्रीचं तिसरं वर्ष बंद केलंय. मुलंच येत नाहीत म्हणे. ज्या खिडकीतून दुसऱ्या वर्षाचा निकाल दिला, त्याच खिडकीतून सांगितलं की पुढचं वर्ष दुसरीकडे बघा. निकाल चांगला आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते, वर्गात पहिली आलेय.

आता बदलून जायचं तर तीन कॉलेजं आहेत. टेकडीवरचं दिसायला झकास, पण ते माझी मागची दोन वर्षं धरायलाच तयार नाहीत, पुन्हा पहिल्यापासून बसा म्हणतात. ते मी डोक्यातून काढून टाकलं. दुसरं इथलंच, संध्याकाळचं, आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या गल्लीतलं. ते पहिलं वर्ष धरतात, दुसरं पुन्हा करायचं. म्हणजे पहिली येऊनही नापास झाल्यासारखं. आणि तिसरं तुझ्या शहरातलं. ते बहुतेक सगळं धरतात आणि सरळ तिसऱ्या वर्षात बसवतात. शिवाय शेवटच्या सहामाहीत मुलांना खऱ्या कंपनीत कामाला पाठवतात. मला तेच हवंय रे. किती दिवस पुस्तकातल्या कंपन्या नफ्यात आणायच्या?

घोडं अडलंय एकाच ठिकाणी. बाहेरून बदलून येणाऱ्यांना तिथे वसतिगृह मिळत नाही. जवळच्या नातेवाइकाचा पत्ता आणि सही लागते. तुझ्याशिवाय तिथे माझं कोण आहे?

तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा. बाबांनी तुला शिकाऊ माणसांदेखत भर रस्त्यात गाडीतून उतरवलं, आणि तू तसाच चालत निघालास तो थेट दुसऱ्या शहरात जाऊन थांबलास. दोघेही एकाच मुशीतले, मी कुणाला समजवायला जाऊ? दोन वर्षं झाली, तुझं नाव घरात निघत नाही. हे पत्र लिहितेय हेही बाबांना माहीत नाही.

ते ठणठणीत आहेत. स्कूल जोरात चाललंय. कॉलेज नसलं की मी हल्ली शिकवणीच्या गाडीत मागे बसते. ऑफिसात बसून कंटाळा येतो, दुसरं काही नाही.

राहू देशील ना? मी घोरत नाही. घोरायचास तू.

तुझी,
भोंगा


बुधवार, १२ जून

दादा,

चार ओळी! मी दोन पानं खरडली आणि तू चार ओळी पाठवल्यास. पण त्यातल्या तीन इतक्या चांगल्या होत्या की माफ केलं.

तू जेवणाच्या सुट्टीत कॉलेजात गेलास, रांगेत उभा राहिलास, त्या खिडकीतल्या बाईंना माझे विषय एकेक करून विचारलेस, हे वाचून मला रडू आलं. थोडंसंच. लगेच पुसलं. हिशेबाचा एक पेपर सोडून सगळं धरणार म्हणजे फारच झालं. तो पेपर मी डोळे मिटून देईन. अठ्ठावीस तारखेच्या आत पक्कं करायचं, हेही कळलं. आणि 'खोली लहान आहे, पण ये' हे तर मी पुन्हा पुन्हा वाचलं.

चौथी ओळ मात्र तुझी नेहमीची. 'गाडीत मागे का बसतेस? बाबा शिकवताना कुणाला मागे बसू द्यायचे नाहीत.' तुला रे कशाला नसत्या पंचायती? माणसं बदलतात. वय झालं की मऊ होतात.

जेवताना मी बाबांना सांगून टाकलं. तुझं नाव घेतलं नाही, नुसतं 'त्या शहरातलं कॉलेज' म्हटलं. पण ते काय दुधखुळे आहेत? घास तोंडाशीच थांबला. मग म्हणाले, "संध्याकाळचं काय वाईट आहे?"

मी म्हटलं, "एक वर्ष वाया जातं, बाबा."

"गेलं तर गेलं. वर्षभराने काय आभाळ कोसळतंय? दिवसा मोकळी राहशील, गाडीत बसशील, धंदा डोळ्यांनी बघशील. डिग्रीत वेगळं काय शिकवतात?"

हे आपले बाबा, बरं का! आई गेली त्या वर्षीसुद्धा मला शाळा बुडवू दिली नव्हती त्यांनी. मी गेल्यावर घर खायला उठेल म्हणून म्हणत असतील, अशी मी माझी समजूत घातली.

बाकी इथे मजाच आहे. रस्ता मोठ्याने वाचायचं बाबांचं खूळ तुला आठवतच असेल. पुढे जे दिसेल ते शिकणाऱ्याने तोंडाने बोलायचं, 'डावीकडे सायकल, पुढे वळण, उजवीकडून रिक्षा येतेय.' पूर्वी पहिले काही दिवसच लावायचे, आता परीक्षेच्या सकाळपर्यंत लावतात. कुणी क्षणभर गप्प बसलं की खेकसतात. आपला न्हावी सध्या शिकतोय. तो वैतागून म्हणाला, "साहेब, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलबोल बोलतो, इथे तरी गप्प बसू द्या की!" तू यावरूनच भांडलास ना त्यांच्याशी? 'लोकांना लायसन्स हवंय, भाषण नको.' न्हाव्याचं आणि तुझं छान जमेल.

गाडीच्या डाव्या अंगाला नवे ओरखडे आलेत. गेटचा खांब लागला. खांबच मध्ये आला असणार.

कॉलेजचा दाखला काढायला टाकते. बाबांचं मी बघून घेईन.

भोंगा


मंगळवार, १८ जून

दादा,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. मी तुला आत्तापर्यंत जे लिहिलं त्यातलं बरंच खोटं होतं. आता खरं लिहिते.

आज सकाळी गाडीत फुलवाली होती. कोपऱ्यावर जिचं फुलांचं दुकान आहे ना, तीच. पहिल्यांदाच रस्त्यावर गाडी घेतलेली. बाबा शेजारच्या सीटवर, पाय त्यांच्या ब्रेकपाशी, मी मागे. बाबा म्हणाले, "वाचा रस्ता." तिने 'पुढे बस' एवढं म्हटलं आणि घाबरून तिची दातखीळच बसली. बाबा चिडले. "वाचा, वाचा म्हणतो ना!" पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

दवाखान्यासमोरचा पट्टा आला. डाव्या फुटपाथवरून एक माणूस बाबागाडी घेऊन खाली उतरला. डाव्या म्हणजे बाबांच्याच खिडकीकडून. मला मागून तो स्पष्ट दिसत होता. मी बाबांकडे बघितलं, ते शांतपणे समोर बघत होते. दादा, पाय हललाच नाही त्यांचा!

मी किंचाळले, "बाबा, ब्रेक!" तेव्हा त्यांनी दाबला. गाडी थांबली आणि बंपर त्या बाबागाडीच्या चाकाला टेकला. नुसता टेकला. आतलं बाळ झोपेतून उठलंसुद्धा नाही. त्या माणसाने बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

मला त्याहून भयंकर पुढचं वाटलं. बाबा त्या फुलवालीवर ओरडले, "डोळे कुठे होते तुमचे?" ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. स्वतःचं तिच्यावर ढकललं त्यांनी. आपल्या बाबांनी! मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ऑफिसात आल्यावर मी दार लावलं आणि विचारलं. आधी अळीमिळी गुपचिळी. मग मी म्हटलं, फुलवालीची माफी मागायला मी आत्ताच जाते आणि कारणही सांगते. तेव्हा ओठ उघडले. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, गाडीपासून लांब राहा. समोरचं त्यांना तुझ्यामाझ्याहून चांगलं दिसतं, ट्रकच्या मागची बारीक अक्षरं आपल्या आधी वाचतील. म्हणून तर लायसन्सच्या वेळी भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून येतात. पण बाजूचं गेलं. डावं-उजवं काहीच नाही. शिकणारा जे वाचतो त्यावर ते ब्रेक मारतात, दादा. तुला-मला ते खूळ वाटत होतं. ते त्यांचे डोळे होते.

मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. शेजारून चालणाऱ्या माणसाला धक्का देतात, टेबलाच्या कडेचा पेला सांडतात, हे मी थंडीपासून बघतेय. उगाच का मागे बसत होते? झाकली मूठ म्हणून बसले. पण काचबिंदू मनात आला नव्हता, शपथ.

आणि संध्याकाळचं कॉलेज त्यांना का हवं होतं, ते आता तुझ्याही ध्यानात आलं असेल. मी दिवसा मोकळी राहिले तर गाडीत मागे बसेन. घर खायला उठणार नव्हतं काही. त्यांना मागच्या सीटवर दोन डोळे हवे होते.

आता तू सांग मला कॉलेज निवडून. तुझ्या शहरातलं घेतलं तर उद्या कुणाचं तरी मूल चाकाखाली येईल. इथलं घेतलं तर माझं वर्ष जाईल, आणि त्यांनी धंदा सोडेपर्यंत मी मागच्या सीटवरच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दहा दिवस उरलेत.

लवकर लिही. चार ओळी चालणार नाहीत.

भोंगा


सोमवार, २४ जून

दादा,

या वेळी तीन पानं! आणि तिन्ही पानांचं सार काय, तर तू थांब. बाबांना समजाव, डॉक्टरांकडे ने, वर्षभर संध्याकाळचं कर, तोवर मी काहीतरी बघतो. वा रे वा! उंटावरून शेळ्या हाकतोयस. 'तू थांब' लिहायला तुला एक ओळ लागली. वर्ष माझं जाणार आहे. मुलगी आहे म्हणून मीच थांबायचं, असं तू लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तर निदान मोकळेपणाने भांडता आलं असतं.

आता मी काय केलं ते ऐक. आधी ऐक, मग चीड.

शनिवारी दुपारी मी बाबांना म्हटलं, चला, मला चालवायचीय. ते शेजारी बसले. बाजारामागच्या रुंद रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "आज मी वाचणार नाही. तुम्ही वाचा."

हसले. म्हणाले, "तू मला शिकवणार होय ग?" पण वाचायला लागले. काय वाचलं रे! मला लहानपणचे बाबा आठवले. "पुढे सिग्नल, पिवळा होतोय, सोड. पांढरी व्हॅन, ब्रेकचा डावा दिवा गेलाय तिचा. लांब खड्डा, आत्तापासून उजवीकडे घे." एकही चूक नाही.

तेवढ्यात डावीकडे एक सायकलवाला आला. दूधवाला असावा, कॅन होते. मी वेग कमी करून त्याच्या बरोबरीने गाडी ठेवली. तो अगदी बाबांच्या खिडकीशी, हात बाहेर काढला असता तर लागला असता. आपल्याबरोबर गाडी का चाललीय म्हणून तो बिचारा आत डोकावून बघायला लागला.

मी विचारलं, "डावीकडे काय आहे, बाबा?"

"मोकळं आहे."

"नीट बघा."

"मोकळं आहे म्हटलं ना. वळ."

मी वळले नाही. काहीच बोलले नाही. माझ्या न बोलण्यावरून त्यांना कळलं. मग त्यांनी सगळी मान फिरवली, आणि तो माणूस दिसला त्यांना. बघत राहिले त्याच्याकडे. सायकलवाला पुढे निघून गेला तरी मान तिकडेच.

"थांबव," म्हणाले. मी कडेला घेतली. वाटलं, आता मारतील. पण त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तू जाऊ नकोस. मागे तू असलीस ना, की मला काही अडचण नाही. ही गाडी गेली तर मी सकाळी उठून काय करू, सांग."

दादा, बाबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. आणि मी नाही म्हटलं. रडत रडत म्हटलं, पण नाही म्हटलं. मग त्यांनी कबूल केलं, आता गाडीला हात लावणार नाही. आईची शपथ घेतली.

आज सकाळी दाखला आणायला कॉलेजात गेले होते. येताना चौकात बघते तर आपली गाडी! न्हावी चालवतोय आणि शेजारी बाबा. न्हाव्याची टकळी चालू होती, खिडकीतून ऐकू येत होती मला. आईची शपथ, दोन दिवससुद्धा टिकली नाही.

मी घरी गेले नाही. तशीच परिवहन कार्यालयात गेले. आपल्या मुलांची परीक्षा घेणारे ते जाड मिशांचे साहेब आहेत ना, त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माझ्या बाबांना बाजूचं दिसत नाही, त्यांना शिकवू देऊ नका. साहेबांना आधी चेष्टाच वाटली. मग त्यांनी मला खुर्ची दिली. दुपारी दोन माणसं आली आणि बाबांचा शिकवण्याचा परवाना घेऊन गेली, डोळ्यांची नीट तपासणी होईपर्यंत. कुणी कळवलं हे त्यांनी सांगितलं नाही. मीच सांगितलं बाबांना. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

भिंतीकडे तोंड करून बसलेत. मी पाणी दिलं, घेतलं नाही.

तर माझं ठरलंय. तुझ्या शहरातलं कॉलेज. दाखला, निकाल, सगळं आजच पाठवतेय. नातेवाइकाची सही तू करणार आहेस, हे पत्र मिळेल त्याच दिवशी. रविवारच्या बसने मी येतेय.

मी गेल्यावर बाबा एकटे पडतील. स्कूलमध्ये शिकणारे निम्म्यावर अडकलेत आणि शिकवायला कुणी नाही. शिकवण्याचा परवाना आपल्या घरात आता एकाच माणसाकडे आहे आणि तो गोदामात खोकी मोजतोय. मी तुला घरी जा म्हणत नाही. 'तू थांब' तू मला म्हणालास, मी तुला तसलं काही म्हणणार नाही. मी येतेय, एवढंच कळवते. बाकी तुझं तू बघ.

भोंगा


गुरुवार, १८ जुलै

दादा,

आपल्या घरचा पत्ता तुझ्या नावाने लिहिताना पेन अडखळलं. तुझ्या खोलीत बसून लिहितेय. खिडकीला पडदा लावलाय, तुला आवडणार नाही.

बसस्टँडवर तू बॅग घेऊनच आला होतास हे बघून मला काय वाटलं ते सांगायला वेळच मिळाला नाही. माझी बस यायला आणि तुझी सुटायला एकच गाठ पडली. चावी हातात कोंबलीस आणि म्हणालास, "नळ उलटा फिरतो." दोन वर्षांनी भेटलेल्या बहिणीशी हे बोलणं! मीही शहाणी, विचारलं काय, तर "कचरा कुठे टाकायचा?" बस वळेपर्यंत तू मागच्या काचेतून बघत होतास, मला दिसलं.

तुझं पत्र काल मिळालं. पहिले दोन दिवस बाबा तुझ्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारातून ओरडले, "क्लच घासतोय, ऐकू येत नाही का?" हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. आता रोज त्या क्लचवरून वाजतं तुमचं. भांडा, खुशाल भांडा. तपासणीला तू घेऊन गेलास, थेंब वेळेवर घालतोस, आहे ते टिकेल असं डॉक्टर म्हणाले, सगळं वाचलं. फुलवाली पुन्हा शिकायला आली आणि बाबांनी तिची माफी मागितली, हेही वाचलं. तेवढं दोनदा वाचलं.

कॉलेजचं सांगते. इथल्या मुख्य बाईंनी माझे गुण बघून हिशेबाचा तो पेपरही धरला. एकही विषय वाया गेला नाही. मी सरळ तिसऱ्या वर्षात आहे आणि जानेवारीत एका माल वाहतुकीच्या कंपनीत कामाला जाणार आहे. त्यांच्या तीसेक गाड्या आहेत. मुलाखतीत मी त्यांना टायरांच्या झिजेवर इतकं ऐकवलं की ते साहेब म्हणाले, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, घरी.

काल सरांनी बदलून आलेल्यांना उभं केलं. हेच कॉलेज का निवडलंत, प्रत्येकाने सांगा. कुणी फी म्हणालं, कुणी नोकऱ्या, कुणी नाव. माझी पाळी आली. मी म्हटलं, "इथे वर्ष वाचत होतं." सर म्हणाले, "शहाणी निवड."

शहाणी! शहाण्या मुलीचे बाबा फोनवर येत नाहीत, दादा. मी फोन केला की तू म्हणतोस, देतो हं, आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि तूच परत बोलतोस, 'जरा बाहेर गेलेत.' खोटं बोलायला तू आधीपासूनच कच्चा. दोन वर्षं ते तुझं नाव घेत नव्हते आणि मी मधे बसून तुमची कीव करत होते. मी केलं ते बरोबर केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन, त्याच खुर्चीत बसून. पण मला बाबांची फार आठवण येते रे. इतकी, की वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलाने खाकरलं तरी मी वर बघते.

त्यांना समजवायला जाऊ नकोस. हट्ट करून फोन हातात देऊ नकोस, ते आणखी लांब जातील. मी ओळखते त्यांना. रविवारी सकाळी ऑफिसात असाल तेव्हा मी फोन करीन. तू त्यांच्या शेजारीच बसून बोल, आणि बोलता बोलता म्हण, क्लचमध्ये काही बिघाड नाही. ते तुझ्यावर ओरडतील. मला तेवढं ऐकायचंय.

भोंगा